सीटा वाढल्या म्हणं! मग दवाखान्याच्या पाटीवर नाव कधी रंगवायचं?

कुंभीकाठचा

राम राम मंडळी.

आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारावर एक पाटी आहे. निळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत 'वैद्यकीय अधिकारी' आणि पुढं नाव. मी शाळेत होतो तेव्हा ते नाव ऑइलपेंटनं लिहिलेलं असायचं. डॉक्टर बदलला की पेंटर यायचा, जुनं खरवडून नवं लिहायचा. मधल्या काही वर्षांत इतकी नावं बदलली की तेवढ्या जागेला रंगाचा पोपडा धरला. आता शिपाईमामा खडूनं लिहितात. पावसात ते धुऊन जातं. खरं सांगायचं तर बऱ्याचदा धुवायला काही नसतंच.

(तालुका गगनबावडा. गावाचं नाव घेत नाही, उगाच कुणाला त्रास नको.)

गेल्या आठवड्यात आईला तीन दिवस ताप. केंद्रात सिस्टर होत्या, त्यांनी गोळ्या दिल्या, रक्त घेतलं. डॉक्टर शेजारच्या केंद्राचे, त्यांच्याकडं आमचा 'अतिरिक्त पदभार', म्हणजे सोमवार आणि गुरुवार. ताप शुक्रवारी चढला ही आईची चूक. शेवटी वडाप पकडून कोल्हापूर, थोरला दवाखाना. आई आता बरी आहे, कालपासून भाकरी थापायला बसलीय.

तिथं बाकावर बसून मोबाइलवर वाचलं की पाच वर्षांत देशात वैद्यकीयच्या ७५ हजार जागा वाढवणार. २०२५ च्या अर्थसंकल्पातली घोषणा. २०१४ मध्ये एमबीबीएसच्या जागा ५१ हजारांच्या आसपास होत्या, आता १ लाख १० हजारांच्या वर गेल्यात. म्हणजे दुपटीहून जास्त. आणि तेवढ्याच काळात आमची पाटी ऑइलपेंटवरून खडूवर आली.

माझा प्रश्न साधा आहे. आणखी सीटा, आणखी कॉलेजं काढून आमच्याकडं डॉक्टर येणार का? की कोल्हापूर-पुण्यातच पाट्या वाढणार? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी लिहा. पक्षबाजी नको, तिला दुसरे धागे आहेत.

तांबडा_पांढरा

सरकारी सेवेचा बॉण्ड डॉक्टरला नको, पेंटरला लावा. तो तरी गावात राहील.

राजारामपुरी_८वी_गल्ली

मी उलट बोलणार आहे, दगड मारू नका.

सीटा वाढल्याच पाहिजेत. कोणताही माल मुबलक झाला की आपोआप लांब जातो. माझ्या लहानपणी कळे, बांबवडे, मलकापूर इथं धड दवाखाना नव्हता. आज तिथं सोनोग्राफीच्या पाट्या आहेत. का? कोल्हापुरात जागा राहिली नाही म्हणून. आमच्या गल्लीत एका बोळात पाच डॉक्टर आहेत, त्यातले दोघं दुपारी पेपर वाचत बसतात. उद्या पंधरा होतील, मग दहाजण गाडी काढून बाहेर पडतील. पाणी भरलं की उताराकडं वाहतंच.

कुंभीकाठचा

@राजारामपुरी, कळे-बांबवडे हे हायवेवरचे बाजार आहेत हो. तिथं ऊसवाला शेतकरी आहे, त्याच्या खिशात पैसा आहे. पाणी उताराकडं वाहतं, आम्ही चढावर राहतो.

बॉण्डवाला_डॉक्टर

मी त्या खडूतलंच एक नाव. (तुमच्या केंद्रातलं नाही, माझा तालुका दुसरा.)

सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालो की महाराष्ट्रात एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड असतो, नाही केला तर १० लाख भरायचे. माझ्या वर्गातल्या काहींनी सरळ पैसे भरले. आमच्या घरी तेवढे नव्हते, म्हणून गेलो. खोटं का बोलू.

क्वार्टर होतं, पण त्याच्या छतातून आभाळ दिसायचं. मी लसीच्या फ्रीजशेजारच्या खोलीत झोपायचो. रात्रभर त्याची घरघर. लाईट गेली की घरघर थांबायची आणि मी दचकून जागा व्हायचो, कारण फ्रीज थंड राहील की नाही याची जबाबदारीही माझीच.

एक रात्र सांगतो. जुलै, साडेअकरा, मुसळधार. म्हैस का ओरडतेय बघायला गोठ्यात गेलेल्या माणसाला पायाला चावलं. घरच्यांनी साप मारून सिमेंटच्या पोत्यातून आणला होता, तो पोत्यात अजून वळवळत होता. घोणस. अशा वेळी एक साधी तपासणी असते. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत दोन मिली रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी हळूच आडवी करायची. रक्त गोठलं तर ठीक. सिस्टर टॉर्च धरून उभ्या, मी घड्याळाकडं बघतोय, दाराशी वीसेक माणसं ओली होऊन उभी, आणि सगळे माझ्याकडं बघतायत की हा पोरगा काही न करता नुसता बसलाय का. एकजण म्हणालाच, "डॉक्टर, इंजेक्शन तरी मारा की!" २० मिनिटांनी नळी आडवी केली. पाण्यासारखं वाहिलं.

सर्पविषावरच्या लसीच्या १० कुप्या सलाइनमधून लावल्या. त्या लसीचीच रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रेनलिन भरून हातात धरून बसलो. मी २४ वर्षांचा होतो. एकटा. फोनवर सिनियर होता, रेंज गेली की तोही नव्हता.

माणूस वाचला. पुढं श्रावणात हे एवढं मोठं तवसं घेऊन आला. पण त्या रात्रीच मी ठरवलं होतं की वर्ष संपलं की इथं थांबायचं नाही. पगारासाठी नाही, पावसासाठी नाही. घाबरलो होतो म्हणून. शेजारच्या खोलीत आणखी एक डॉक्टर झोपलेला असता तर कदाचित मी आज वेगळं लिहिलं असतं.

बाकी पोस्टमॉर्टेम, तीन वर्षांनी येणारं कोर्टाचं समन्स, दर बुधवारची मीटिंग, हे वेगळं. आणि बॉण्डच्या वर्षाकडं बहुतेक पोरं 'नीट पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या) अभ्यासाचं वर्ष' म्हणूनच बघतात. मीही वाचायचो. दुपारी ओपीडी संपली की.

तांबडा_पांढरा

वरचा प्रतिसाद वाचून विनोद सुचेना. डॉक्टर, तवसं एकट्यानं खाल्लंत का?

बॉण्डवाला_डॉक्टर

सिस्टरांनी कोशिंबीर केली, सगळ्या स्टाफनं खाल्ली.

चंदगडी_काजू

गगनबावडेकर, तुम्ही निदान कोल्हापूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहात. आम्ही कोल्हापूर जिल्ह्यात फक्त सातबाऱ्यावर. कोल्हापूर शंभराच्या पुढं, बेळगाव त्याच्या निम्म्याहून कमी. आमची बाळंतीण अडली, हार्टवाला म्हातारा निळा पडला, अॅक्सिडेंट झाला, सगळं बेळगावला. तुम्ही कोल्हापुरात २०० सीटा करा नाहीतर २ हजार, आम्हांला काय फरक? आमच्याकडं गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथंच चार स्पेशालिस्ट कायमचे बसवा. कॉलेज नको, भूलतज्ज्ञ द्या. सर्जन आला आणि भूल द्यायला माणूस नाही, तर त्यानं काय पोथी वाचायची?

राजारामपुरी_८वी_गल्ली

@काजू, भूलतज्ज्ञ काय आकाशातून पडतो? एमबीबीएस वाढले की पीजी वाढतील, तेव्हाच तो येणार.

नव्या_कॉलेजातला_जुना_मास्तर

मी एका सरकारी कॉलेजात शिकवतो. कोणत्या ते विचारू नका, नोकरी आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या राज्यात एका दिवसात १० सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली, अंबरनाथ. त्याच्या थोडं आधी सिंधुदुर्ग, सातारा, रत्नागिरी. हेतू चांगला आहे. हिंगोलीच्या माणसानं नांदेडला का पळावं?

पण इमारत एक-दोन वर्षांत उभी राहते, प्राध्यापक तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं पीजी, पुढं अनुभव. मग नव्या कॉलेजात मास्तर आणायचे कुठून? जुन्या कॉलेजातून. कॉलेजची तपासणी जवळ आली की 'प्रतिनियुक्ती'चे आदेश निघतात, आम्ही बॅगा भरतो. एका ठिकाणी एक प्राध्यापक मला म्हणाले, "मी गेल्या वर्षभरात तीन गावची हजेरी लावलीय, बायकोला वाटतंय माझं दुसरं घर आहे." आता चेहरा दाखवून हजेरी लागते, त्यामुळं हे कमी झालंय म्हणा.

पोट कसं तपासायचं हे पुस्तकात नसतं. गार हात पोटावर ठेवू नये, आधी तळवे एकमेकांवर घासावेत, रुग्णाच्या चेहऱ्याकडं बघत बघत दाबावं, दुखतंय ते तोंड सांगण्याआधी भुवई सांगते. हे एका खाटेभोवती पाच पोरं असली तर शिकवता येतं. पंचवीस असली तर मागची पोरं पुढच्याची पाठ तपासतात.

मेरिट_म्हणजे_मेरिट

शेवटी क्वालिटीचाच प्रश्न. सीटा वाढवून कमी मार्कवाले आत घेणार, मग तेच खेड्यात पाठवणार. खेड्यातल्यांनी काय पाप केलंय?

दुसऱ्या_वर्षाची_आई

माझी मुलगी एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला आहे, सरकारी कॉलेजात. इथं सगळे बॉण्ड बॉण्ड करतायत म्हणून विचारते, आयआयटीवाल्याला कुणी म्हणतं का की वर्षभर गगनबावड्यात जाऊन पूल बांध, मग अमेरिकेला जा? तोही सरकारी पैशावरच शिकतो. पोरीनं दोन वर्षं घरात टीव्ही लावू दिला नाही, अकरावी-बारावीत एक लग्न बघितलं नाही. साडेपाच वर्षं शिकून मग छतातून आभाळ बघायचं?

एक मात्र चांगलं झालंय. आता पहिल्या वर्षापासूनच मुलांना गावातली काही कुटुंबं 'दत्तक' देतात, अधूनमधून जाऊन बीपी, शुगर, बाळाचं वजन, सगळं विचारायचं. हिला करवीरातलंच एक गाव मिळालंय. तिथल्या आजींनी कोण कुणाला दत्तक घेतलंय हे उलटंपालटं करून टाकलं. ही बीपी तपासायला जाते, त्या हिचं वजन विचारतात. दर वेळी ओच्यातून शेंगा. परवा मुलगी म्हणाली, "आई, आजींची शुगर वाढलीय आणि त्या गूळ खातात हे मला माहितीय, पण त्यांनी मलाही दिला म्हणून मी काही बोलले नाही."

तांबडा_पांढरा

लाचखोरीचा पहिला धडा.

पाटगावचा_मास्तर

मी निवृत्त शिक्षक. भुदरगडात आयुष्य गेलं, आता गारगोटीत असतो. 'मेरिट' यांना आणि बाईंनाही एकदमच उत्तर देतो, जरा लांबेल.

माझं म्हणणं एवढंच की सीट किती यापेक्षा सीटवर कोण बसतंय ते बघा. डॉक्टर कुठं राहील हे त्याच्या बॉण्डवर ठरत नाही, त्याची आई कुठं राहते यावर बरंचसं ठरतं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते, की दुर्गम भागात डॉक्टर टिकवायचे तर ग्रामीण भागातली मुलं घ्या आणि त्यांना त्याच भागाजवळ शिकवा.

आपल्याला तर हे बाहेरून शिकायचीही गरज नाही. शाहू महाराजांनी काय केलं? नुसत्या जागा राखून ठेवल्या नाहीत. १९०२ चा नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासांना देण्याचा हुकूम सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ ला, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं होतं हे कुणी सांगत नाही. आधी पोराच्या ताटाची सोय, मग जागा. आणि डॉक्टरचंच उदाहरण पाहिजे तर कृष्णाबाई केळवकर. महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलं, पुढं परदेशी पाठवलं, आणि बाईंनी काम केलं ते इथंच, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात. अल्बर्ट एडवर्ड म्हणजे आपला थोरला दवाखाना, आताचा सीपीआर. कुंभीकाठचे, तुमची आई ज्या आवारात बसली होती तिथंच.

आता बघा. नीटचा क्लास, राहणं, खाणं, एक वर्ष 'रिपीट', हे मिळून जे काही होतं ते धनगरवाड्यावरच्या बापाला म्हशी विकूनही जमत नाही. माझी एक विद्यार्थिनी होती, दहावीला विज्ञानात पैकीच्या पैकी. आज ती नर्स आहे, चांगली नर्स आहे, मला अभिमान आहे. पण तिला डॉक्टर व्हायचं होतं. ती झाली असती तर कुठं राहिली असती हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो.

तमिळनाडूनं २०२० पासून सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी साडेसात टक्के एमबीबीएस जागा ठेवल्या. त्यांनाही नीट द्यावीच लागते, पण स्पर्धा आपसात. जपानमध्ये जिची नावाचं मेडिकल कॉलेज आहे, १९७२ पासून. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं घेतात, फी प्रांत भरतो, आणि पास झाल्यावर त्याच प्रांतात नऊ वर्षं नोकरी. नऊ! एक नव्हे. सक्ती तीही आहे, पण ती स्वतःच्या मुलखात आहे.

मेरिट_म्हणजे_मेरिट

मास्तर, आदर ठेवून सांगतो. माझ्या बॅचमध्ये खेड्यातून आलेली आठ-दहा मुलं होती. आज त्यातली सगळी पुण्यात. दोघांचे बंगले माझ्यापेक्षा मोठे. गरिबीतून आलेल्यालाच शहर जास्त हवं असतं, आणि का नसावं?

पाटगावचा_मास्तर

हे खरं आहे, नाही म्हणत नाही. माझा स्वतःचा मुलगा हिंजवडीत आहे. सगळे राहतील असं मी म्हणत नाही. दहातले तीन राहिले तरी आजच्यापेक्षा तीन जास्त.

लातूरची_डाळ

आमच्या बाजूनंही एक ऐका. आपल्या राज्यात २०२० पर्यंत ७०:३० कोटा होता. विभागातल्या मुलांना ७० टक्के जागा, बाहेरच्यांना ३०. ऐकायला तुमच्या मास्तरांसारखंच छान. पण मराठवाड्यात कॉलेजंच कमी, त्यामुळं आमची जास्त मार्काची पोरं बाहेर राहायची. आम्ही भांडून तो रद्द करून घेतला. तेव्हा 'स्थानिकांना प्राधान्य' म्हणताना आधी कॉलेजं सगळीकडं सारखी आहेत का ते बघा. म्हणून मी तर हिंगोली-जालन्याच्या कॉलेजांच्या बाजूनं आहे, मास्तर कमी असले तरी.

भाऊचा_वकील

या सगळ्यात सोपा उपाय कुणी बोलत नाही. तीन वर्षांचा ग्रामीण डॉक्टर तयार करा. स्वातंत्र्याआधी आपल्याकडं एलसीपीएस, एलएमपी असे कमी मुदतीचे डॉक्टर होतेच. गावोगाव तेच होते. १९४६ ला भोर समितीनं सांगितलं की एकच दर्जाचा पूर्ण डॉक्टर हवा, आणि ते अभ्यासक्रम बंद होत गेले. छत्तीसगडनं २००१ मध्ये तीन वर्षांचा कोर्स काढला, ओरड झाली, काही वर्षांत बंद पडला. पण शिकून बाहेर पडलेले लोक आरोग्य केंद्रांवर कामाला लागले आणि पब्लिक हेल्थ फाउंडेशननं तपासलं तेव्हा नेहमीच्या आजारांत ते एमबीबीएसच्या तोडीस तोड निघाले. आसामनंही जोरहाटला असाच कोर्स काढला होता, तो हायकोर्टानं २०१४ मध्ये रद्द केला, पण त्या पोरांची नोकरी पुढच्या कायद्यानं वाचली आणि २०२३ ला सुप्रीम कोर्टानंही तो कायदा मान्य केला.

दुसऱ्या_वर्षाची_आई

म्हणजे शहरातल्याला साडेपाच वर्षांचा आणि खेड्यातल्याला तीन वर्षांचा? घोणस काय चावताना पिनकोड विचारते?

भाऊचा_वकील

नाही विचारत. पण आज त्या पिनकोडवर शून्य वर्षांचा डॉक्टर आहे, वहिनी.

हळदीचा_बीएएमएस

इतका वेळ गप्प होतो. शून्य कसा? मी आहे की.

चौदा वर्षं झाली माझ्या दवाखान्याला. रात्री दोनला दार वाजलं की उघडतो तो बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवीवाला. १०८ च्या गाडीत मागं बसतो तोही बहुतेक बीएएमएस. केंद्रात एमबीबीएस नसला की प्रभारी म्हणून सही करतो तोही आमचाच भाऊ. उपकेंद्रात सहा महिन्यांचा कोर्स करून 'समुदाय आरोग्य अधिकारी' म्हणून बसलीय ती आमची बहीण. आणि पेपरात आमचा उल्लेख येतो तो 'बोगस डॉक्टर' या बातमीच्या शेजारी.

मला अॅलोपॅथीचं सगळं येतं असं मी म्हणत नाही. कुठं हात लावायचा नाही हे चौदा वर्षांत शिकलोय, तेच मुख्य शिक्षण. छातीत दुखतंय आणि घाम आलाय म्हटलं की मी पेशंटला खाटेवर झोपवत नाही, गाडीत झोपवतो.

बॉण्डवाला_डॉक्टर

@हळदीचा, मनापासून सहमत. माझ्या केंद्रात गट ब चे बीएएमएस डॉक्टर आठ वर्षांपासून होते, पण नेमकं त्या रात्री रजेवर. मी आल्या आल्या त्यांनी सांगितलेलं पहिलं वाक्य अजून लक्षात आहे: "साहेब, इथं औषध नंतर, आधी नातेवाईक कोण आहे ते विचारायचं."

आशा_आहे

मी आशा म्हणून १४ वर्षं काम करतो. नऊ डॉक्टर बघितले. सिस्टर तीच, मी तीच. डॉक्टर नसला तर काम थांबतंय असं न्हाई, पण आम्ही कुठवर पुरणार? परवा वाडीवरची बाळंतीण, पाऊस, वढ्याला पाणी. डालग्यात बसवून चौघांनी आणली. गाडीपातूर पोचली म्हणून बरं. डॉक्टर असता तरी वढा त्यानं थोडाच पार केला असता. रस्ता बी डॉक्टरच असतोय.

ठाण्याचा_अनिकेत

तुमचं काम खरंच मोठं आहे. पण एक शंका, 'काम करतो'? तुम्ही ताई की दादा?

आशा_आहे

ताई. कोल्हापुरात बाया बी 'करतो', 'आलो', 'जातो'च म्हणत्यात. रहा चार दिवस, तुमची बायको बी म्हणंल.

बॉण्डवाला_डॉक्टर

अवांतर, पण यावरून आठवलं. माझ्यानंतर केंद्रात १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून शिकलेला एक मुलगा आला. हुशार, मनमिळाऊ, मराठी शिकला होता. पण पुस्तकातली. पहिल्याच दिवशी आजी म्हणाली, "काळीज उलघाल करतंय, चमक भरलीय, आन् रातभर कसनुसं हुतंय." तो सिस्टरकडं बघायला लागला. मी त्याला वहीच करून दिली होती. उसण, मुरडा, कणकण, गरगरणं, अंगावरनं जाणं, डोळ्यापुढं काजवे. 'कसनुसं' पुढं मात्र प्रश्नचिन्ह ठेवलं. ते मलाही नीट कधी कळलं नाही.

हळदीचा_बीएएमएस

'कसनुसं' म्हणजे आधी बीपी बघा, मग सुनेशी भांडण झालंय का विचारा.

आशा_आहे

आधी सुनेचं विचारा.

चंदगडी_काजू

आमच्याकडं तेच आजार कन्नडमिश्रित होतात, त्याची वही बेळगावात मिळते.

नव्या_कॉलेजातला_जुना_मास्तर

धागा मस्त भरकटलाय, पण मूळ प्रश्नाकडं येऊ. कुंभीकाठचे, सीटा वाढवून डॉक्टर येणार का? माझं उत्तर असं. नुसत्या एमबीबीएसच्या सीटांनी नाही. पण पीजीच्या पोरांना तीन महिने जिल्हा रुग्णालयांत पाठवायची जी पद्धत आता आलीय, तिचा मला जास्त भरवसा वाटतो. पीजीची पोरं आधी कुरकुरतात. मग तिथं पहिल्यांदा स्वतः निर्णय घ्यावा लागतो, आणि दोन-चारजण परत आल्यावर म्हणतात, "सर, तिथं मजा आली." सगळे नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं तर पास झाल्यावर तशाच एका रुग्णालयात अर्ज केला. तिच्या आईनं मला फोन करून भांडण काढलं.

सेवेत असलेल्या डॉक्टरांना पीजीला राखीव जागा हाही मोठा चुंबक आहे. महाराष्ट्रात तो कोटा २० टक्के आहे, तमिळनाडूत ५०. त्यांच्या केंद्रांत डॉक्टर का टिकतात याचं अर्धं उत्तर इथं आहे. पोराला दिसतं की तीन वर्षं इथं काढली तर पुढं सर्जन होता येतं. मग तो खडूनं लिहिलेला पाहुणा राहत नाही.

बॉण्डवाला_डॉक्टर

हे शंभर टक्के. मला कुणी सांगितलं असतं की दोघांना एकत्र टाकतो, तीन वर्षं काढ, महिन्यात चार दिवस खरोखरची सुट्टी, आणि मग पीजीची जागा, तर मी त्या फ्रीजशेजारीच राहिलो असतो. आज मी शहरात भूलतज्ज्ञ आहे. @काजू, तुम्ही शोधत होतात तो.

चंदगडी_काजू

मग या की गडहिंग्लजला! काजू आमच्याकडून, वर्षभर.

बॉण्डवाला_डॉक्टर

बायको त्वचारोगतज्ज्ञ आहे, तिची प्रॅक्टिस इथं बसलीय. मुलगा तिसरीत. खरं सांगू का, तुम्ही विचारलंत आणि मी पाच मिनिटं नकाशा काढून बसलो होतो. मग बंद केला.

राजारामपुरी_८वी_गल्ली

एवढं वाचून माझं मत थोडं हललंय, पण पूर्ण नाही. सीट नसेल तर कोटा कशाचा काढणार? मास्तरांची विद्यार्थिनी सीट कमी होत्या म्हणूनही बाहेर राहिली.

पाटगावचा_मास्तर

हा मुद्दा मान्य. तिला किती मार्क कमी पडले ते मला अजून आठवतंय. अकरा.

कुंभीकाठचा

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

ताजी खबर. सोमवारी आमच्याकडं नवीन डॉक्टर हजर झाल्या. सोलापूरकडच्या, बॉण्डवर. आई ताप नसताना जाऊन बघून आली. म्हणाली, "पोरगी बारकी हाय, पर हात गरम हाय." (जुने मास्तर, तळवे घासायचं तुम्ही शिकवलेलं दिसतंय.) आईनं त्यांना घनसाळ तांदूळ नेऊन दिला आणि आशाताईंच्या सल्ल्याप्रमाणे आपलं कसनुसंही सांगून आली.

ग्रामपंचायतीनं उत्साहात पेंटरला बोलावलं. सिस्टर बाहेर आल्या, पाटीकडं बघितलं, पोपडा खरवडायला लावला आणि म्हणाल्या, "'डॉ.' तेवढं पक्क्या रंगात लिही. पुढची जागा मोकळी सोड." त्यानं तसंच केलं. नाव खडूनं शिपाईमामांनी लिहिलं.

तांबडा_पांढरा

पेंटरनं अर्ध्याच कामाचे पैसे घेतले का?

कुंभीकाठचा

पूर्ण घेतले. म्हणाला, टिंबाला पण ब्रश लागतोच.

हळदीचा_बीएएमएस

मांडुकलीजवळचं पाणी उतरलं का? उद्या एक पेशंट बावड्याला सोडायचाय.

कुंभीकाठचा

सकाळी एसटी गेली. पाणी रस्त्याच्या कडेला आहे, पण गाडी जाते. दुपारच्या आत निघा.